बुधला माचीची चिठ्ठी

माई, हेडमास्तर, आणि जमलेल्या समद्या मंडळींनो. भोरच्या या शाळेत मी कदी बाकावर बसलो न्हाई, आज बोलाया उभा राहिलोय. मी वेल्ह्याचा महादू, तोरण्याच्या पायथ्याला माजी भातखाचरं हायेत. बोलल्याबिगर घरी जाता यायचं न्हाई.

माई, तुमचे धनी, आमचे गोविंद मास्तर गेले. चौथीला गणित शिकवणारा हा माणूस दर पावसाळ्यात आमच्याकडं यायचा आणि दगड उलटे करत बसायचा. कोळ्यासारखा दिसणारा, आठ पायांचा किडा हुडकायचा. पयल्यांदा म्या म्हणलं, मास्तर, कोळी तर शाळेच्या आढ्याला बी हायेत. तर म्हणाले, "महादू, याला कंबर आहे का बघ. जाळं विणतो का बघ. हा कोळी नव्हे." बगितलं. खरंच कंबर न्हाई, अंग समदं एकच. धरला तर एक पाय टाकून पळाला, आणि तो पाय माज्या बोटावर हालत राहिला. मी दचकलो. माई, मास्तर त्या दिवशी लई हसले. लई हसले.

मग मलाबी नाद लागला. भिंगातनं मागल्या मांडीवरचे काटे मोजायचे, त्यावरनं जाती लावायच्या. स्पिरिटच्या बाटलीत किडा आणि संगं चिठ्ठी: जागा कुठली, आणला कुणी. किडा हरवला तर चालेल, चिठ्ठी चुकता कामा नये, असं मास्तर म्हणायचे. भोंगवलीपासनं वेल्ह्यापतोर नकाशा काढलेला, जी जात जितं घावली तितं ठिपका.

मास्तरांचा एक अंदाज व्हता. खालच्या रानातल्या किड्याच्या मांडीला एक काटा. वर तोरण्याच्या बुधला माचीवर राहतो तो निराळाच असणार. पण दम्यानं त्यांना गड चढवंना. मला म्हणाले, "महादू, तू आणशील?" म्या व्हय म्हणलं.

मंडळी, मी गेलो न्हाई. भाताची लावणी खोळंबली व्हती, गड धुक्यात व्हता. माज्याच बांधाच्या दगडाखालचे चार किडे नेऊन दिले. मास्तरांनी इचारलं, "माचीवरचेच ना?" म्या व्हय म्हणलं. त्यांनी आपल्या हातानं चिठ्ठी लिवली, खाली माजं नाव घातलं. भिंगातनं बगितलं. एकच काटा. भिंग पुसून पुन्यांदा बगितलं. मग म्हणाले, "माझंच चुकलं म्हणायचं." वहीतल्या पानावर आडवी रेघ मारली आणि माईंना माज्यासाठी चहा ठेवाया सांगितला. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच ठावं.

त्यावर किती पावसाळे गेले? सांगाया यायचो, आणि मास्तर भातपाण्याचं इचारायचे. राहून गेलं. खरं सांगतो, भ्यालो.

सोमवारी निरोप आला. मंगळवारी मी गड चढलो. ही बाटली. माचीवरचे पाच हायेत. भिंग न्हाई माज्याकडं, उजेडाकडं धरून बगितलं. दोन काटे. पाचांच्या बी मांडीला दोन दोन.

हेडमास्तर, मास्तरांच्या वह्या आणि बाटल्या मुंबईला किड्यांच्या जाणत्यांकडं धाडणार म्हणता. त्याआदी नकाशावरचा माचीचा ठिपका पुसा. माज्या नावाची ती चिठ्ठी काढा. या बाटलीसाठी नवी लिवा, त्यात माजं नाव घाला, तारीखबी घाला. उशिरा आणले ते कळू द्या.

आता समदे उभे राहू या, घटकाभर कुणी काही बोलू नका.

मास्तर, तुमचं बरोबर व्हतं.