बावीस वर्षं न विचारलेला प्रश्न

...आणि वर आमच्या नव्या मॅडम मलाच विचारतात, ‘काका, चार तास उभं राहायला जमेल ना?’ अहो, बावीस वर्षं हेच काम करतोय मी! म्हणजे... उभा असा कधी राहिलो नाही, ते सोडा. पण काम हेच. माणूस मत देऊन केंद्राबाहेर आला की त्याला गाठायचं, जरा गोड बोलायचं, कुणाला दिलंत म्हणून विचारायचं आणि तक्त्यात फुली मारायची. चाळीस माणसं गावातली, चाळीस शहरातली. संध्याकाळी आकडे कार्यालयाला कळवले की ते टीव्हीवर झळकणार, आणि आपण घरी चहा पीत बघणार.

आता तुम्हाला सांगतो, आपल्या राज्यात ही म्हणजे अगदी निवांत नोकरी. कारण इथली माणसं! चाळीस वर्षं एकाच न्हाव्याकडे जातात, चप्पल तुटली तर हुबेहूब तशीच दुसरी आणतात, आणि ती मिळाली नाही तर तुटकी शिवून घेतात. ही माणसं मत बदलणार? गावं जुन्या पक्षाची, शहरं नव्या पक्षाची, आणि गावांचा जोर जरा जास्त, म्हणून राज्य कायम जुन्याचं. पहिल्याच दिवशी आमच्या थोरल्या साहेबांनी मला मंत्र दिला होता, ‘गाव जुन्याचं, शहर नव्याचं, घ्या लिहून!’ मी घेतलं. नुसतं घेतलं नाही, बावीस वर्षं तेच लिहीत राहिलो.

त्याचं असं झालं, की मला जे गाव दिलं, तिथेच माझी थोरली ताई दिलेली. बसने तासाभरावर. आता मला सांगा, सख्खी बहीण दारात उभी असताना माणूस शाळेच्या फाटकापाशी उन्हात ताटकळेल का? मी सरळ तिच्या व्हरांड्यात खुर्ची टाकायचो. ती चहा आणायची. मी तक्ता मांडीवर घेऊन विचारायचो, ‘ताई, यंदाही जुनाच ना?’ ती म्हणायची, ‘जुनाच की.’ झालं! बत्तीस फुल्या जुन्याला, आठ नव्याला. त्या आठ का, तर खरं वाटायला हवं ना! मग दिवसभर गप्पा. आईच्या, लहानपणीच्या, कोण कुणाशी का बोलत नाही त्याच्या. दुपारच्या बसने घरी आलो की पलंगावर लोळत शहराचा तक्ता. अठ्ठावीस नव्याला, बारा जुन्याला. बेरीज काय? चव्वेचाळीस जुना, छत्तीस नवा.

आणि बरोबर यायचं हो! दर निवडणुकीला बरोबर! मोठमोठे चष्मेवाले विद्वान आपटायचे आणि माझा अंदाज निकालाला चिकटून बसायचा. कार्यालयात मला नावच पडलं, अचूकराव. नवीन माणूस आला की त्याला लांबूनच मला दाखवायचे. मीही मान जरा तिरकी करून उभा राहायचो.

तर या वर्षी थोरले साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. वय माझ्या पुतणीएवढं. आल्या आल्या त्यांनी जुनी सगळी माणसं घरी पाठवली, उरलो मी एकटा. माझ्या हातात एक पाटीसारखं यंत्र ठेवलं आणि म्हणाल्या, ‘काका, यात प्रत्येक माणसाचा आवाज मुद्रित होणार, तुम्ही कुठे उभे आहात तेही कळणार. आणि या वेळी तीन टक्क्यांच्या वर चूक झाली, तर पुढच्या वेळी तुम्हाला बोलावता येणार नाही.’ आता बासष्टाव्या वर्षी मला दुसरं कोण बोलावणार? घरी बसलो की बायको मला पंखे पुसायला लावते. दोनच पंखे आहेत घरात, पण ती रोज लावते. शिवाय अचूकराव हे नाव! ते गेलं की उरतो कोण? पंखे पुसणारा एक गृहस्थ.

तेव्हा निवडणुकीच्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी शाळेच्या फाटकापाशी उभा राहिलो. मनात धाकधूक नव्हती, खोटं कशाला बोलू? गाव जुन्याचं, शहर नव्याचं, नुसतं यंत्रात बोलून घ्यायचं होतं. पहिला आला तो गिरणीवाला. कुणाला दिलंत? म्हणाला, नव्याला. मी हसलो. म्हटलं, थट्टा करता होय गरिबाची? तो शांतपणे म्हणाला, तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, दुसरं उत्तर हवं असेल तर दुसऱ्याला विचारा. विचारलं. दुसराही नव्याला! तिसरी एक आजीबाई, काठी टेकत आलेली. म्हटलं, ही आपली, ही कुठे जात नाही. तर आजीबाई म्हणाल्या, दोन महिने शहरात मुलाकडे राहून आले, तिकडे नळ सोडला की पाणी येतं, मग आम्हीच काय घोडं मारलंय? म्हणून दिलं नव्याला! आणि वर माझ्या यंत्राकडे बघून विचारतात, यात फोटो येतो का? एकेक करून चाळीस झाले. सत्तावीस नवा, तेरा जुना. मला घाम फुटला.

तेवढ्यात मत देऊन ताईच बाहेर आली. मी यंत्र तिच्या तोंडासमोर धरलं. ‘ताई, कुणाला?’

‘तुला का सांगू? मत गुप्त असतं.’

‘अगं, मग इतकी वर्षं जुनाच, जुनाच म्हणायचीस ते?’

‘तू “कुणाला” असं विचारलंस कधी? “जुनाच ना?” म्हणायचास, तेही पेन टेकवून. मी नाही म्हटलं असतं, तर उठून गावभर विचारत सुटला असतास.’ मग पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, ‘निवडणूक आली की तेवढा एक दिवस माझा भाऊ माझ्या दारात बसायचा. तो मी का घालवू?’

तुम्हाला सांगतो, मला एकदम वाईटही वाटलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं. आणि हे सगळं त्या मेल्या यंत्रात मुद्रित!

दुपारी शहरात, माझ्याच बिल्डिंगच्या मागच्या केंद्रावर. म्हटलं, निदान इथे तरी अब्रू वाचेल. कसली वाचते! चौथ्या मजल्यावरचा सुतार आला, जुन्याला देऊन. हा मूळचा ताईच्याच गावचा. म्हणाला, आत्ता कुठे चार भिंतींचं स्वतःचं घर झालंय, आता कुणी काही बदलायला नको. त्याच्यामागून शिंपी, मागून वॉचमन, सगळे कधीतरी गावाकडून आलेले, सगळ्यांना सगळं होतं तसंच हवं! गाव उठून शहरात राहायला आलं होतं, येताना मतही गाठोड्यात बांधून आणलं होतं. आणि शहर बघून परतलेले गावात बसून नव्याची वाट बघत होते. ज्याला मिळालं तो म्हणतो बदलू नका, ज्याला मिळायचंय तो म्हणतो बदला. एकतीस जुना, नऊ नवा.

मी फुटपाथवर टेकलो आणि बेरीज केली. तेरा आणि एकतीस, चव्वेचाळीस जुना. सत्तावीस आणि नऊ, छत्तीस नवा. तोच आकडा! म्हणजे बघा, देव जाणे किती निवडणुका मी गावात जेवढा चुकत होतो तेवढाच शहरात उलटा चुकत होतो, आणि दोन चुकांची मिळून माझी कीर्ती झाली होती!

आकडे पाठवले. पाच मिनिटांत मॅडमचा फोन. हसत म्हणाल्या, काका, दमलात वाटतं, रकाने उलटे झालेत, गावाचे शहरात गेलेत, मी करते सरळ. आता बघा माझी पंचाईत. गप्प बसलो तर बेरीज बरोबर, नोकरी शाबूत, नाव शाबूत. गाव जुन्याचं, शहर नव्याचं! नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं हो... पण ती आजीबाई डोळ्यांसमोर आली, काठी टेकत आलेली. तिला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि तिचं उत्तर मी सुताराच्या नावावर टाकू?

म्हटलं, ‘मॅडम, रकाने बरोबर आहेत. या वेळी मी खरंच विचारलंय.’

त्या म्हणाल्या, ‘या वेळी?’

झालं! सगळं सांगून टाकलं. व्हरांडा, चहा, पलंग, आठ फुल्या, काही ठेवलं नाही. त्या म्हणाल्या, मी ध्वनिमुद्रण ऐकते, आणि फोन ठेवला. घरी येऊन हे सांगितलं, तर बायकोने नुसतं पंख्याकडे बघितलं.

संध्याकाळी टीव्हीवर आमच्या कार्यालयाचे आकडे आले ते माझेच, जसेच्या तसे! बाकी सगळ्यांचं गाव जुन्याचं, आमचं एकट्याचं नव्याचं. विद्वान पोट धरून हसले. एक तर म्हणाला, यांनी नकाशा उलटा धरलाय. तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही, पंखे आरशासारखे झाले. चौथ्या दिवशी निकाल लागला. राज्य जुन्याचंच, पण या वेळी पहिल्यांदाच गाव-शहर वेगवेगळं मोजलं, तर गावांनी दिला नवा, शहरांनी दिला जुना, आणि चूक किती? एक टक्का! विद्वान दिवसभर कारणं शोधत होते. मी उडी मारली ती सोफ्यावरच.

मॅडम पेढे घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, तुमच्या ताईंचं बोलणं मी दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा रडले. आणि काका, आता तुम्ही नव्या माणसांना शिकवायचं, कारण या कामात काय करू नये हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. शिकवायचं म्हणजे सराव हवा, सरावाला गाव हवं, गाव म्हटलं की... बरोबर! मागच्या रविवारी वीस जणांना घेऊन ताईच्या दारात. म्हटलं, एकेकाने आत जा, नीट बोला आणि या बाईंनी मत कुणाला दिलं ते विचारून या. ताईची तर दिवाळीच! प्रत्येकाला चहा, प्रत्येकाशी गप्पा, दिवसभर घर भरलेलं, ती लहान मुलीसारखी आतबाहेर करतेय. संध्याकाळी मी तक्ते गोळा केले. अकरा जणांना सांगितलंन जुना, नऊ जणांना नवा. अकरा चोक चव्वेचाळीस, नऊ चोक छत्तीस, तोच आकडा!

एकटी बाई, हो! आणि मी तिचा सख्खा भाऊ.