आभाळातला दगड आणि बाभळखिंडीची वाट

बसा. बसा रं सगळी. थ्री-फेजची लाईट यायला अजून लई येळ हाय, आन् आली तरी कोण ना कोण डीपीचा फ्यूज उडवतंयच. मोटरीकडं बघत डोळं ताणण्यापरीस कान हिकडं द्या. रंग्या, त्या शेकोटीत दोन बुडखं सार. आन् ते मोबाईलचं गाणं बंद कर, न्हाईतर त्यो यायचा ऐकाय. कोण त्यो? आरं तेच तर सांगतोय. ऐका.

रातचं जेवणखाण उरकून गाव निजलंय. चंद्र न्हाई. आभाळ भरून आलंय. आन् आशा रातीला एक बाई एकटी, डोक्यावर गाडगं घिऊन, बाभळखिंडीच्या वाटेला लागली. कोण? माझी आई. गोजराबाई. तुम्ही तिला म्हातारपणीच बघितली, काठी टेकत देवळात येणारी. तवा ती ईस-बावीस वर्सांची व्हती, आन् मी व्हतो झोळीत.

गाडग्यात काय व्हतं म्हणता? दगड. हसतोस का रं? आभाळातनं पडलेला दगड व्हता त्यो!

झालं आसं, की त्याआधी दोन-तीन दिसांमागं, भर दुपारी, आभाळात ढगाची चिंधी न्हाई, आन् एकदम धडाडधूम! सुरुंग उडाल्यागत. गुरांनी दावी तोडली. वर बघावं तर धुराची ही लांब रेघ. आन् मंग सगळ्या शिवारात काळं दगड, टपाटपा, टपाटपा. कुठं कवठाएवढा, कुठं आवळ्याएवढा. एकालाबी लागला न्हाई. देवाची कृपा, दुसरं काय!

आता आपलं गाव कसलं, म्हाईत हाय न्हवं? दगड वरनं पडला म्हंजे देवच आला. पाटलांनी आपला दगड शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवला. गणू सुताराच्या आईनं दुधानं धुतला, वर तेल चोळलं. शिरपानं तर उगाळून आजारी म्हशीला पाजला. म्हस बरी झाली म्हणून गावभर सांगत सुटला. म्हस आधीच बरी झाल्ती, ही गोष्ट येगळी.

मंग आला दाबके साहेब. आसलं दगड गोळा करणं हेच त्याचं सरकारी काम. वाळकं अंग, डोळ्याला भिंगं. घरोघर फिरला. जितं जावं तितं शेंदूर, न्हाईतर तेल, न्हाईतर दूध. शेवटाला चावडीच्या पायरीवर डोकं धरून बसला. पर रागावला न्हाई हां. एक शब्द वाकडा न्हाई. म्हणाला, "तुमची श्रद्धा मोडायला मी आलेलो नाही. पण असा दगड फार क्वचित पडतो. आपली पृथ्वी झाली त्याच्याही आधीचा आहे हा. तेव्हाचं जे काही त्याच्यात आहे ते पाण्यानं जातं, तेलानं बिघडतं, हाताच्या घामानंसुद्धा बिघडतं. मला एकच द्या. वरून आला तसा, कोरा. मी तालुक्याला डाकबंगल्यावर आहे. उद्या उजाडताच मला निघायचंय."

आन् साहेब गेला. दिवस मावळला. पावसाची हवा पडली. रानात कुठं एखादा दगड उरला असला तर त्योबी भिजणार, हे सगळ्यांना कळलं.

तिन्हीसांजंला आई गुरांना वैरण काढाय गेली. कडब्याच्या गंजीतनं पेंडी वढली, दुसरी वढली, आन् आत बघती तर काळा दगड! वरनं गंजीत घुसलेला, कडब्यातच अडकलेला. भुईला टेकला न्हाई, कुणाचा हात लागला न्हाई.

आन् आईनं हातातली पेंडी टाकली. का? आरं, त्या दुपारी माझी झोळी त्याच गंजीच्या सावलीला बांधल्याली व्हती! दगड हातभर हिकडं आला असता तर आज ही गोष्ट सांगाय कोण बसलं असतं?

आई तितंच बसली. रडली. मंग हात जोडून दगडाला म्हणाली, "माझं लेकरू राखलंस बाबा. तुझं उपकार मी कसं फेडू?"

आज्जी आली. आज्जी म्हंजे तिची सासू. "अगं ए, बघत काय बसलीस? शेंदूर आण, नारळ आण!"

आई म्हणाली, "आत्ती, शेंदूर लावून ह्यो वाया जाईल. त्या साहेबाला कोराच पायजे. ज्यानं आपलं पोरगं राखलं त्याला त्याच्या कामाला पोचता करू. त्योच त्याचा नारळ."

आज्जीनं मला कडंवर घेतलं. मंग म्हणाली, "जा. पोराला मी बघते. पर लौकर ये, त्याला दूध लागंल." बा तवा गाडी घिऊन कारखान्यावर ऊस वाहाय गेलेला. त्यामुळं जायाला दुसरं कोण न्हवतं.

संक्रांतीचं एक कोरं गाडगं उरलं व्हतं, पाणी न लागलेलं. त्यात आईनं कडब्याची वाळकी पाती घातली. दोन धाटांच्या चिमट्यानं दगड उचलला, आत ठिवला, वर धुवट फडकं बांधलं. आन् निघाली. सडकेनं गेलं तर उजाडून साहेब गेला असता. म्हणून खिंड!

आता ऐका. खिंडीच्या तोंडाला एक म्हातारा भेटला. "पोरी, काडी हाय का बिडीला?"

"न्हाई बाबा."

म्हातारा संगं चालाय लागला. "डोक्यावर काय? जड दिसतंय. ठिव की खाली. दम खा."

"नगं."

"मग मला दे. मी घेतो."

"नगं म्हणलं न्हवं!"

बघती तर म्हातारा न्हाई. काय रंग्या? पाय उलटं व्हतं का? आरं, डोक्यावर गाडगं घेतलेली बाई खाली कशाला बघती? तिनं न्हाई बघितलं, मी न्हाई सांगत.

पुढं गेली. एक वाकडी बाभळ लागली. पुढं गेली. परत तीच बाभळ! परत चालली. परत तीच! चकवा, लेकांनो, चकवा! आन् मंग समोर उजेड. दिव्यांचा उजेड. देऊळ उभं! त्या खिंडीत देऊळ न्हाई, कधी न्हवतं. दारात गावातली माणसं. पाटील, गणू सुताराची आई, आन् म्होरं आज्जी. आज्जीच्या एका हातात शेंदराची वाटी, दुसऱ्यात तेलाची.

"ये गं गोजरा, ये माझी बाय," आज्जी म्हणाली, "दमलीस गं. आण त्यो दगड, तेल लावू."

आई तितंच समजली! आरं, माझ्या आज्जीनं जन्मात आईला गोड हाक मारली न्हाई. "अगं ए" सोडून दुसरं नाव न्हाई! आईनं गाडगं घट्ट धरलं आन् म्हणाली, "माझी सासू तुला आजून ठावं न्हाई, मेल्या!" उजेड फक्कन गेला. देऊळ न्हाई, माणसं न्हाईत. नुसता अंधार.

मंग पाऊस. टप. टप. दुसरीकडं न्हाई, हिच्याच डोक्यावर! आईनं गाडगं भुईवर ठिवलं न्हाई, मांडीवर घेतलं. त्याच्यावर वाकली, पदर घातला, पाठ वर केली. पाठीवर धो धो. "पड," म्हणाली, "किती पडायचं ते माझ्यावर पड." बऱ्याच येळानं पाऊस थांबला. हात लावून बघती तर पाठ कोरडी!

उठली. ओढ्यात उतरली. ओढा कोरडा ठाक. आन् मागनं रडणं आलं. लेकराचं. माझं रडणं! तसंच हुंदकं देत, तसंच मधीच दम धरून. "ट्यां... ट्यां..." ओढ्याच्या वरच्या अंगाला, करंजीच्या जाळीत.

आता सांगा. कोण आई थांबंल? आई वळली. दोन पावलं टाकली बी. आन् थबकली.

ऐका, लाजायचं काय न्हाई त्यात, आईनं मला सोताच्या तोंडानं सांगितलं. सांजंपासनं मला पाजलं न्हवतं. छाती भरून दुखत व्हती. घरी मी नुसतं कुरकुरलो तरी तिला पान्हा फुटायचा. आन् हितं लेकरू टाहो फोडतंय, आन् पान्हा न्हाई. थेंब न्हाई!

भुताला सगळ्यांचा आवाज काढता येतो, बाबांनो. आईच्या दुधाला फसवता येत न्हाई.

आई म्हणाली, "माझं लेकरू घरी हाय. तू कोण हाईस? सांग. का माझ्या मागं लागलास?"

रडणं थांबलं. मंग अंधारातनं आवाज आला, दमलेल्या माणसाचा. "मला त्यो दगड दे."

"कशाला?"

"बसायला."

काय समजलं? आपल्यात माणूस जाळला की खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडाय खडा घेत्यात. जीवखडा. दहा दिस मेलेल्याचा जीव त्या खड्यात बसतो, मंग पुढं जातो. आन् ह्यो व्हता कुठला तरी वाटसरू, त्याआधीच्या दुष्काळात पाणी पाणी करत खिंडीत मेलेला. नाव ठावं न्हाई, गाव ठावं न्हाई. लोकांनी खड्डा केला, लोटला, हात झटकलं. खडा कोण घेणार?

"भुईवरच्या समद्या दगडांत कोण ना कोण बसलंय," त्यो म्हणाला. "कुठं म्हसोबा, कुठं आसरा, कुठं कुणाचा आज्जा. मला जागाच न्हाई, बाई. ह्यो वरनं आलाय. ह्यात कुणी बसलं न्हाई. कोरा हाय."

बघा, साहेबालाबी कोराच पायजे, ह्यालाबी कोराच.

आई म्हणाली, "माझा असता तर दिला असता. पर ह्याचं माझ्यावर उपकार हायत, ह्याला मी पोचता करणार. तुझं कुणीच न्हवतं का रं, एक खडा घ्यायला?"

"कोण असणार?"

आईचं तरी कोण व्हतं? आई-बाप पटकीच्या साथीत गेलेलं, ना भाऊ ना बहीण. सणाला साऱ्या सुना म्हायेराला निघायच्या आन् ही पाणंदीपातूर त्यांना घालवाय जायची, आन् माघारी यायची.

तिनं खाली वाकून ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा उचलला. "हे बघ. पाण्यानं घासून घासून ह्यातलं कोण असंल त्ये कवाच वाहून गेलं. बस ह्याच्यात. तुझी बहीण सांगतीया." आन् गोटा पदराच्या वट्यात घातला.

वारा पडला. गोटा कोमट झाला.

संपलं वाटलं का? न्हाई! आई खिंड चढाय लागली आन् गोटा जड व्हाय लागला. आधी वरवंट्याएवढा. मंग पाट्याएवढा. मंग जात्याएवढा! कंबर मोडाय आली, मान कडकड वाजाय लागली, डोक्यावर गाडगं डुगडुगतंय. आन् वट्यातनं आवाज, "बहीण म्हणालीस न्हवं? मग मला घरी ने. मला भाच्याला बघू दे. उचलून घिऊ दे."

भूत घरात! लेकराजवळ! टाकून द्यावा तर दिलेला शब्द मोडतोय, आन् चिडलेलं भूत काय करंल? न्यावा तर घर गेलं. गुडघं टेकलं. गाडगं कललं. आता पडतंय, आता फुटतंय...

आन् आई ओरडली, "भाऊ कधी बहिणीच्या सासरी वस्तीला ऱ्हातो व्हय रं? लोकं मला काय म्हणतील? तू हितंच ऱ्हायचं! मीच येणार तुझ्याकडं. ही खिंड माझं म्हायेर!"

गोटा हलका झाला. फुलागत. आता कुठल्या भावाची छाती हाय ह्याच्यावर बोलायची?

आईनं त्यो वाकड्या बाभळीच्या बुडात ठिवला, पदरानं पुसला, आन् मागं न बघता खिंड उतरली.

डाकबंगल्याम्होरं जीप सुरू व्हती. साहेब पाय आत टाकणार तवर ही उभी! साहेबानं फडकं सोडलं, आत बघितलं. हात न्हाई लावला. भिंगं काढली, डोळं पुसलं. "ताई," म्हणाला, "तुम्ही रात्री एकट्या आलात?" आन् सगळ्यात आधी तिला च्या पाजला, आपली रजई काढून गाडग्याभवती गुंडाळली, आन् जीप पुढं शहराकडं जायाची ती आधी गावाकडं वळवली, लेकरू भुकेलं आसंल म्हणून. सडकेनं! त्या दगडाला आता आपल्या गावाचं नाव हाय म्हणं. परदेशातली मोठमोठी माणसं त्ये वाकडंतिकडं का हुईना पर घेत्यात. त्या साहेबाचं भलं झालं असंल. मी त्या दगडाच्या उपकारानं जगलो. आईच्या उपकारानं जगलो. आन् खरं सांगू? त्या खिंडीतल्याचंबी उपकारच. हातात आलेली बाई त्यानं सोडली.

दर वर्साला नागपंचमीला आई दिवसाउजेडी खिंडीत जायची. पुरणाची पोळी न्यायची. येताना हसत यायची. आज्जी इचारायची, "अगं ए, कुठनं आलीस?" आई म्हणायची, "म्हायेराहनं."

औंदाच्या पंचमीआधी आई गेली. तुम्ही सगळी मातीला व्हता.

म्हणून सांगतो, लाईट कवाबी येऊ दे, पाणी फुटू दे, मोटर जळू दे, पर रातचं त्या वाटेनं जाऊ नका. त्यो आता कुणाला चकवत न्हाई, काय मागत न्हाई. त्यो फकस्त इचारंल, "माझी बहीण का आली न्हाई?" तुम्ही खरं सांगाल, आन् त्याला तिच्याबिगर कोण न्हाई. ते सांगणं माझं हाय. भाच्याचं. मला आजून धीर झाला न्हाई. धीर झाला की मीच जाईन, पोळी घिऊन, दिवसाउजेडी. तवर त्या वाटेला कुणी पाऊल टाकायचं न्हाई.