रोवण्यातला सिनेमा

शहापूरच्या थांब्यावर भंडाऱ्याच्या बसची वाट पाहत दोन बाया माझ्या मागं बसल्या होत्या.

"निर्मलाबाई, आज गप काहून वो?"

"लाज वाटून राहिली, आनंदाबाई. परवा धानाच्या रोवण्यात बायांनी शेताच्या धुऱ्यावर मोबाइल ठेवून सिनेमा लावला. दिसत काही नाही, निस्तं आयकाचं अन् रोवाचं."

"तो प्रेमाचा, हासवणारा? आम्हीबी तोच लावतो. दहा खेपा आयकला तरी गोडच लागते."

"त्यात पोरगी आपल्या आवडीच्या पोरासंग मांडवातून पळते."

"अन् बाप वरडते, माही चप्पल कोणं नेली!"

"तवाच मी हासली. साऱ्या बायांपेक्षा मोठ्यानं. म्हटलं, बरं झालं, पळाली बाई!"

"मंग त्यात लाजाचं काय?"

"माह्या बाजूलेच माही पोरगी हर्षा रोवत होती."

"अवो माय! तिच्या आवडीच्या त्या वरठी गावच्या पोराले तुम्हीच नाही म्हटलं न?"

"मीच. तिनं चिखलाच्या हातानं मोबाइल बंद केला अन् परत रोवाले लागली."

"मंग आज तिले काहून नाही आणली? लगनाच्या साड्या तर तिच्याच घ्याच्या हायेत."

"म्हणाली, नवरा तू पाहिला, साडीबी तूच पाह्य."