मधात कोणीतरी पाहिजे

रुखमाबाई : नाई, मी म्हन्तो, ऐंशी वर्साच्या माणसानं असं वागाव काय? दिवसभर घरात पाय नाई. बोरीच्या स्टँडवर चहाच्या हाटेलात बसून राहाचं, भाकर थंडी झाल्यावर याचं. आन आता म्हणे सोमवारी पुण्याले चालले पोराकडं, कपिलकडं, कायमचे. बॅग भरून ठेवली. मले विचारलं काय? खुशी, सांग त्याइले. विचार.

खुशी : आजी, मोठे आबा इथंच बसले आहे. याच बाकावर. तू बोलते ते सगळं त्यांना ऐकू जाते.

रुखमाबाई : जाऊ दे ना ऐकू. मी कुठी त्याइच्यासोबत बोलून राह्यली? मी तुह्यासोबत बोलून राह्यली. नवऱ्याच्या मोठ्या भावासोबत मी उभ्या जलमात बोलली नाई, आन आज या धबधब्यावर येऊन बोलन काय?

पुंडलिकराव : खुशी बेटा, आजीले सांग. विचाराचं होतं. पण विचारू कसं? तू तिकडं अमरावतीले कॉलेजात चालली. मधात कोण राह्यलं?

खुशी : आजी, मोठे आबा म्हणतात की...

रुखमाबाई : ऐकलं मी. बहिरी हाये काय?

खुशी : मग मी कशाला आहे इथे?

रुखमाबाई : मधात पाहिजे ना कोणीतरी.

खुशी : मधात होती म्हणूनच इथे मागे राहिली मी पण. दोन गाड्या भरून माणसं आली, आणि ज्यांचा वाढदिवस आहे तेच सहस्रकुंडला सुटले. तिकडे उमरखेडला हॉलमध्ये फुगे लावून बसले असतील सगळे.

रुखमाबाई : त्यात माहा काय दोष? मी आपली तुह्या बापाच्या, सोनूच्या गाडीत बसली होती. सकाळची जागा, खिडकीजवळची.

खुशी : बसली होती, मान्य. मग मोठे आबा बाबांच्या गाडीकडे आले, कारण कपिलकाकाच्या गाडीत पोरं ओरडत होती.

पुंडलिकराव : ओरडत नोती. उलट्या करत होती.

खुशी : तर ते आले, आणि तू उतरली.

रुखमाबाई : मंग काय मांडीवर बसू? भासरा ज्या गाडीत, त्या गाडीत भावसून बसत नाई. येताना तं त्याइले मालूम होतं. जाताना इसरले काय?

खुशी : तू कपिलकाकाच्या गाडीकडे निघाली. ते पाहून मोठ्या आबांना वाटलं, आपल्यापायी हिची खिडकी गेली. म्हणून तेही उतरले आणि कपिलकाकाच्याच गाडीकडे परत.

पुंडलिकराव : कोणाले तकलीफ नको म्हणून.

खुशी : त्यांना येताना पाहून तू मागे फिरली. पाण्याच्या टाकीला वळसा घालून.

रुखमाबाई : समोरून कशी जाऊ? तोंडावर आले असते ना.

खुशी : आणि मी दोघांच्या मधात पळत होती. इकडून 'त्याइले सांग बसून राहा', तिकडून 'तिले सांग बसून राहा'. बसलं कोणीच नाही. बाबांना वाटलं तुम्ही दोघं त्या गाडीत, कपिलकाकाला वाटलं या गाडीत. दोन्ही गाड्या हॉर्न वाजवत गेल्या. माझा मोबाइल पण गेला, चार्जिंगला लावलेला.

रुखमाबाई : गाडीत माय नाई, हे पोराले दिसू नये? बबिता तं खूश असन. सासू मागं बसली नाई, रस्ताभर कोणी टोकलं नाई.

खुशी : हो, आई खूश असेल.

रुखमाबाई : लगेच हो म्हणू नको तू.

पुंडलिकराव : अहं. अहं.

खुशी : पाहा, हाच तो खोकला. आजी, कपिलकाका याच्यासाठीच घेऊन चालला मोठ्या आबांना. म्हणतो पुण्यात चांगले डॉक्टर आहे.

रुखमाबाई : हा? याले खोकला म्हणते तुहा कपिलकाका? अवं, हा फाटकातला आवाज होय. घरात शिरताना माणसानं खोकलाव, म्हंजे ओसरीत बसलेल्या भावसुनेले पदर घेऊन उठून आत जाता येते. त्याइचा बाप खोकलत होता, त्याचाबी बाप खोकलत होता. त्या घरात कोणाच्या छातीले काई झालं नाई.

पुंडलिकराव : कपिलनं मागं नेलं होतं बेटा. छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणे, काई नाई. कपिल म्हणे, दुसरा पाहू. दुसऱ्या डॉक्टरनं सांगतलं, सिगारेट सोडा. मी जलमात ओढली नाई. आता सोडाले पयले लावा लागन.

खुशी : मोठे आबा, मला हसवू नका, पोटात दुखते. तुम्ही त्याला खरं काय ते सांगितलं का नाही?

पुंडलिकराव : काय सांगू? मी भावसुनेले उठवाले खोकलतो, हे त्या पुण्याच्या डॉक्टरले सांगू?

रुखमाबाई : खुशी, त्याइले सांग. म्हणा, पुण्यात फ्लॅटात कोणाच्या फाटकात खोकलसान? तिथं लिफ्ट हाये. लिफ्टीत खोकललं तं लोक तोंडाले रुमाल लावतीन. आन सुनेले भाकर येत नाई, सकाळी दुधात काईतरी फोडणीवाचून देते, ते खा लागन. आठ दिवसात पळून येसान, मंग मी दार उघडनार नाई.

खुशी : मोठे आबा, आजी म्हणते तुमच्याशिवाय घर सुनं सुनं वाटेल.

रुखमाबाई : मी असं म्हटलं काय, कार्टी?

पुंडलिकराव : थांब. खुशी, तू लहानपणापासून असंच सांगत आली काय?

खुशी : थोडंसं गोड करून. तुम्ही दोघं जसं बोलता तसं सांगितलं असतं तर घर राहिलं असतं का?

पुंडलिकराव : मंग तो दिवाळीतला निरोप? मी नव्या शर्टात रुबाबदार दिसतो म्हणून?

खुशी : आजी म्हणाली होती, तो शर्ट अंगाले झाला नाही, बुजगावण्यासारखा दिसते.

पुंडलिकराव : मी दिवाळीभर तोच घातला बेटा. आज हॉलातबी तोच घातला असता.

रुखमाबाई : बरं झालं. आता माह्यं सांग. वांग्याच्या भाजीचं काय? त्याइनं म्हटलं होतं ना, मीठ कसं नेमकं पडलं, म्हणून?

खुशी : ते... मोठे आबा म्हणाले होते, मीठ टाकाचं इसरली काय.

रुखमाबाई : आन मी तवापासून तसंच टाकून राह्यली! आवडते म्हणून!

पुंडलिकराव : आन मी तवापासून तसंच खाऊन राह्यलो. म्हटलं, सांगूनबी फरक नाई, तं खा गुमान.

खुशी : सॉरी. दोघांनाही सॉरी. मी आता बाबांना फोन करायची सोय पाहते, नाहीतर रात्र इथंच व्हायची. कोणाला बाबांचा नंबर पाठ आहे का?

पुंडलिकराव : मले घरचा पाठ हाये. तारेच्या फोनचा.

खुशी : आबा, तो फोन काढून टाकला. मी शाळेत होती तेव्हा.

पुंडलिकराव : असन. पाठ मात्र हाये.

खुशी : मी वर त्या भजेवाल्या काकूंकडे जाते. त्यांचा मोबाइल मागते. मला प्रियंकाचा नंबर पाठ आहे, तिला सांगते बाबांना लावायला.

रुखमाबाई : बापाचा पाठ नाई, मैत्रिणीचा हाये. वा.

खुशी : जाऊ ना?

रुखमाबाई : जाऊ ना काय? आन आमी? आमच्या मधात कोण?

खुशी : हे बाकाजवळचं कुत्रं आहे ना. हे थोडीच कुठे चाललं आहे.

(खुशी पायऱ्या चढून गेली. बोरी अरब गावात जिच्या तोंडी लागायला सावकाराचा मुनीमही दोनदा विचार करायचा, त्या रुखमाबाईला आता निरोप द्यायलाही कोणी उरलं नाही. बाकाच्या या टोकाला ती, पदर नाकापर्यंत. त्या टोकाला भासरे, काठीवर हनुवटी ठेवून. आणि मध्ये एक पिवळं कुत्रं, दोघांकडे आळीपाळीनं पाहत बसलेलं.)

रुखमाबाई : ए कुत्र्या. तुले म्हणून राह्यली. ऐंशी वर्साच्या माणसानं घर सोडलं तं लोक काय म्हणतीन? म्हणतीन, रुखमाबाईनं भासऱ्याले दोन भाकरी घातल्या नाई.

पुंडलिकराव : कोणी म्हणनार नाई, बाबू. कपिलची माय गेली तवापासून मी कोणाच्या हातचं खाऊन राह्यलो, ते गावाले मालूम हाये.

रुखमाबाई : मंग, कुत्र्या, भाकर तोंडाले लागत होती तं दिवसभर स्टँडवर काहून बसाचं? सोनूचा बाप गेला तवापासून हेच चालू हाये. सोनू आन बबिता दारव्ह्याले दुकानावर, पोरगी शिकाले. घरात उरले दोन माणसं, त्यातलं एक स्टँडवर. मी ताट झाकतो, उघडून पाहतो, पुन्हा झाकतो. मले वाटे, माह्या तोंडाचा कटाळा आला असन. माह्यं तोंड हाये तसं. पण मी त्याइच्यासोबत कुठी बोलतो?

पुंडलिकराव : तसं नाई, बाबू.

रुखमाबाई : कसं हाये मंग? भुंक ना.

पुंडलिकराव : हे सांगाची गोठ नोती. पण तू कोणाजवळ बोलनार नाई म्हणून सांगतो. सोनूची माय ओसरीत तुरी निसत बसते. मी फाटकात खोकललो का तिले उठा लागते. पयले पटकन उठे. आता पयले गुडघ्यावर हात ठेवते. मंग खांबाले धरते. मंग उठते. तिचा गुडघा वाजते ना, तो मले फाटकाजवळ ऐकू येते. तवापासून मी फाटकात पयल्यासारखा खोकलत नाई. फाटकातून पाहातो. ती बसली असली का माघारी फिरतो, हाटेलात जाऊन बसतो.

रुखमाबाई : कुत्र्या, श्रावणात एकडाव ओले चिंब आले होते ते.

पुंडलिकराव : हाटेल बंद होतं, बाबू. मंग फाटकाजवळच उभा राह्यलो. म्हटलं, सुपात थोड्याच तुरी राह्यल्या हाये, होईन तिचं.

रुखमाबाई : तवा मी खुशीजवळ म्हटलं होतं, म्हाताऱ्याले अक्कल नाई, पावसात हिंडते.

पुंडलिकराव : खुशीनं सांगतलं, आजी म्हणते आल्याचा चहा घ्या.

रुखमाबाई : तो चहाबी तिनंच केला असन.

पुंडलिकराव : मले काय त्या लिफ्टीची हौस हाये, बाबू? पण घर तिचं हाये. तिनंच उभं केलं. आन तिलेच त्या ओसरीत सुखानं बसता येऊ नये? खुशी होती तवर ती पळत येऊन सांगे, आजी बसली हाये, थांबा. आता तीबी चालली. म्हणून कपिलले हो म्हटलं.

रुखमाबाई : कुत्र्या, त्याइले सांग... अरे, कुठी चालला? बस. ए, बस ना इथी.

पुंडलिकराव : गेलं.

रुखमाबाई : भज्यांचा वास आला असन त्याले.

पुंडलिकराव : अं.

रुखमाबाई : मेलं नेमक्या वख्ती गेलं.

खुशी : आजी! मोठे आबा! लागला फोन, मग बाबांचाच परत आला. बाबा आधीच निघाले होते, ती पाहा, वळणावर गाडी दिसते. तिकडे काय झालं माहीत आहे का? केक कापायची सुरी शोधली, मेणबत्त्या लावल्या, गाणं सुरू केलं, आणि मग पोरांतला नयन म्हणाला, फुंकणार कोण? कपिलकाका बाबांना म्हणतो, माझे बाबा कुठे ठेवले. बाबा म्हणतात, आधी माझी आई दे.

रुखमाबाई : गाणं म्हणेपर्यंत कोणाले कळलं नाई?

खुशी : गाणं अर्धं झालं होतं. तुम्ही दोघं इतके गप्प का?

पुंडलिकराव : काई नाई बेटा. कुत्रं होतं, ते गेलं.

खुशी : बरं, एक अडचण आहे. बाबांनी केक सोबत आणला. म्हणे तिथं ठेवला असता तर पोरांनी संपवला असता. तो पुढच्या सीटवर आहे, त्याला मांडीवर घेऊन मी बसते. मागे पाहुण्यांच्या गाद्या भरल्या आहे. दोघांपुरती जागा आहे. एकाच सीटवर. तुम्ही दोघं.

पुंडलिकराव : नाई नाई. तू आन आजी जा. आजीले पाय लांब करू दे. मी चालत निघतो रस्त्यापर्यंत, एखादी बस भेटन. सांग तिले.

खुशी : आजी, मोठे आबा म्हणतात की...

रुखमाबाई : सरक तू.

खुशी : त्यांना काय सांगू?

रुखमाबाई : काई नको सांगू. जाय, तो केक सांभाळ. मधातून सरक म्हटलं ना.

खुशी : आजी, तू पदर मागे सारला.

रुखमाबाई : दिसत नाई मले त्यातून. ऐका. इकडं पाहा, तुमालेच म्हणून राह्यली. तुमाले काय म्हणून हाक माराव ते मले अजून सुचलं नाई, ते मंग पाहू. पावसात उभं राह्यले, ते येड्यासारखं केलं. पुण्याले हो म्हटलं, ते त्याच्यापेक्षा येड्यासारखं. घरात पदर मी घेईन, पदर घ्याले गुडघे लागत नाई. पण उठनं मी आजपासून बंद केलं. तुमी आले तं मी बसून राहीन, आन तुमीबी बसा, खुर्ची हाये. चालत कोणी येत नाई आन पुण्याले कोणी जात नाई. चला, बसा गाडीत.