ब्रेकचे रिकामे खोके

या महिन्याच्या ६ तारखेला आलेला माल: पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, बाहेरच्या देशातले म्हणून दिलेले, एक सेट, ३,४५०/-. ब्रेकचे तेल, एक बाटली, २१०/-. मेस्त्रींची मजुरी ३००/-. एकूण ३,९६०/-.

१७ तारखेला त्याच मालामुळे पदरात पडलेले: माझ्या यजमानांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, टॅक्सीचा पुढचा भाग दबला, मागे बसलेल्या बाईंच्या कपाळाला चार टाके. याची बेरीज अजून झालेली नाही.

मी, वय ४९ वर्षे, शिक्षण मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार लाकडाच्या वखारीमागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली, पूर्ण नाव ठाण्याच्या नोंदवहीत दिलेले आहे, समक्ष हजर राहून माझ्या हाताने लिहून देते की,

हा माझा दुसरा जबाब आहे. पहिला १८ तारखेला हवालदारसाहेबांनी घेतला. त्यांनी विचारले, "यजमान दुपारी घरी कधी येतात?" मी म्हणाले, "जेवायला बरोबर एकला. उशीर करत नाहीत." त्यांनी लिहिले, "जेवणाच्या वेळी घाईत असतात." मी ते वाचले आणि सही केली नाही. ते म्हणाले, "बाई, अर्थ तोच." अर्थ तो नाही. म्हणून या वेळी कागद मागून घेतला आणि लेखणी घरून आणली.

माझे यजमान चोवीस वर्षे टॅक्सी चालवतात. पहिली अठरा वर्षे दुसऱ्याची, गेली सहा वर्षे स्वतःची. चोवीस वर्षांत एकदा दंड झाला, तोही औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी केली म्हणून. गाडीचा सगळा हिशेब मी ठेवते. वही सोबत आणली आहे.

दोन वर्षांपूर्वी, ९ मार्चला, आम्ही याच गाडीला पहिल्यांदा बाहेरच्या देशातले ब्रेक पॅड घातले. पुढचा सेट २,८७५/-, मागचा सेट २,२४०/-. ते दुसऱ्या एका दुकानातून घेतले होते, ते दुकान आता बंद झाले. तो माल खरा होता. पुढचा सेट बावीस महिने चालला आणि त्याने कधी चूं केले नाही. मागचा अजून चालू आहे.

आमच्या घरात जी वस्तू खोक्यातून येते, त्या खोक्याच्या तळाच्या पाकळीवर, आतल्या बाजूने, मी पेन्सिलीने तारीख आणि किंमत लिहिते. वर देवाचे नाव लिहिते. माझी आई असे करायची. खोके रद्दीत देताना देवाचे नाव रबराने पुसते, कारण ते कोणाच्या पायाखाली येऊ नये. तारीख आणि किंमत पुसत नाही, त्याने रबर झिजते.

ब्रेकच्या त्या दोन खोक्यांत मी पंधरा महिने सुटी बटणे आणि दोऱ्याची रिळे ठेवली. मागच्या वर्षी जूनमध्ये रद्दीवाला दारात आला. तो मला काकू म्हणतो. खोकी पाहून म्हणाला, "काकू, ही फाडू नका, सपाटही करू नका. अख्ख्या खोक्याला वेगळा भाव आहे." पुठ्ठ्याला किलोला १२/- देणारा माणूस एका खोक्याचे ४०/- देतो म्हणाला. मी विचारले, "सोन्याचा पुठ्ठा आहे का रे?" तो म्हणाला, "लोक सामान भरायला नेतात." मी बटणे बरणीत काढली, देवाचे नाव पुसले आणि दोन्ही खोकी दिली. ८०/- जमा. ते देवापुढच्या दिव्याच्या तेलाला गेले, तशी नोंद आहे.

या महिन्याच्या ४ तारखेला मेस्त्रींनी पुढची चाके उघडली. हे मेस्त्री आमची गाडी सहा वर्षे बघतात. पॅड झिजले, बदलायला हवेत, असे सांगून त्यांनी इथल्याच कारखान्याचा एक सेट दाखवला, किंमत १,१५०/-. तो पाठीकडून वळवून म्हणाले, "वहिनी, हे बघा, पत्र्यावर कारखान्याचं नाव ठोकलंय, वर नंबर आहे. बिघडला तर माणूस सापडतो. मी माझ्या भावाच्या गाडीला हाच घातलाय."

यजमान म्हणाले, "तोच घालू."

मी नाही म्हणाले. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढचे सगळे त्यातून झाले. बाहेरचा माल बावीस महिने चाललेला मी वहीत पाहिला होता. इथला माल वहीत नव्हता. यजमान मेस्त्रींना म्हणाले, "पालेभाजीच्या दोन काड्यांसाठी बाजार डोक्यावर घेणारी बाई आज दानशूर झाली, तारीख लिहून ठेवा." मी म्हणाले, "भाजी शिळी निघाली तर फेकून देईन. तुम्हाला कुठं फेकू?" मेस्त्री हसले आणि त्यांनी तो सेट कपाटात ठेवून दिला.

६ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मी आणि यजमान चौकातल्या गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. आत पंखा आहे, मागे काचेचे कपाट, त्यात परदेशी नावांची खोकी ओळीने लावलेली. इथला माल काउंटरखाली गोणपाटावर. मी दोन्ही भाव विचारले. दुकानदार म्हणाला, "ताई, खालचा घ्यायचा तर घ्या. पण तो माल म्हणजे आज घेतला, उद्या तक्रार घेऊन परत इथंच. वरचा घेतलात तर मला विसरून जाल." मी त्याला विसरलेली नाही.

खोक्याला दोन्ही बाजूंनी चकचकीत सील होते. पावतीवर त्याने फक्त "ब्रेक पॅड १ सेट" असे लिहिले. मी म्हणाले, बाहेरचा माल असे लिहा. तो म्हणाला, "तसं लिहिलं तर त्याचा कर वेगळा, ताई. तीनशे दहा वाढतील. मी तुमचेच वाचवतोय." मी बरे म्हणाले. हे वाक्य लिहू नका, तुमच्याच अंगाशी येईल, असे हवालदारसाहेबांनी आत्ता सांगितले. त्यांचे म्हणणे भल्याचे असेल. पण मी तीनशे दहा वाचवले हे खरे आहे आणि ते लिहिले नाही तर बाकीचे कोणी का खरे मानावे?

मेस्त्रींनी खोक्याच्या सीलवर भरवसा ठेवून त्याच दिवशी सेट घातला. यजमानांनी रिकामे खोके घरी आणले. त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आले आणि मी रांगेत होते. खोक्यावर लिहायचे राहिले. यजमानांनी ते तसेच माळ्यावर टाकले.

१७ तारखेला सकाळी पावणेअकरा वाजता यजमान डोळ्यांच्या दवाखान्यातून एका निवृत्त टायपिस्टांना आणि त्यांच्या पत्नीला घेऊन उतारावरून खाली येत होते. खाली बसथांबा आहे. थांब्यावर तेव्हा पंधरा-वीस माणसे उभी होती. ब्रेक दाबला तो पार तळाला गेला आणि चाकातून खरवडल्यासारखा आवाज आला. यजमानांनी हातब्रेक ओढला, दोनदा ओरडून सांगितले, "डोकं खाली घ्या," आणि गाडी उजवीकडे पाण्याच्या टाकीच्या दगडी भिंतीवर घातली. भिंतीला आधी लागली ती चालकाची बाजू. कोणती बाजू लागू द्यायची हे त्यांनी ठरवले होते, असे टायपिस्टांनी मला दवाखान्यात सांगितले. त्यांचा जबाब अजून घेतलेला नाही. ते दोनदा ठाण्यात येऊन बाकावर बसून गेले.

तरी गुन्ह्याच्या कागदावर लिहिले आहे, "भरधाव वेगाने व हयगयीने." पंधरा-वीस माणसे वाचवायला स्वतःचा पाय भिंतीत घालणारा माणूस हयगय करतो म्हणायचे, तर काळजी कशाला म्हणायचे हे ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मला सांगावे.

१९ तारखेला ठाण्याच्या आवारात मेस्त्रींनी माझ्यासमोर आणि हवालदारसाहेबांसमोर पुढची चाके उघडली. पत्रा जागेवर होता. त्याच्यावरचा थर, जो चाक धरतो, तो पत्र्यापासून निघून तुकडे झाला होता. तुकडा मेस्त्रींच्या बोटांत बिस्किटासारखा चुरला. पत्रा पुसून त्यांनी दोन्ही बाजू दाखवल्या. नाव नाही, नंबर नाही. ते म्हणाले, "वहिनी, हा बाहेरचाही नाही आणि इथलाही नाही. ह्याला ना देश ना गाव. ज्यानं केला त्याला स्वतःचं नाव घालायची लाज वाटली."

पंचनाम्यात लिहिले गेले, "ब्रेक झिजलेले आढळले." अकरा दिवसांत चपलेचा अंगठासुद्धा झिजत नाही. मी तसे म्हणाले. हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, पंचनामा आम्हाला शिकवू नका." मी शिकवत नाही. तुकडे मेस्त्रींनी पिशवीत भरून दिले आहेत, ते साहेबांनी स्वतःच्या बोटांनी चुरून बघावेत.

त्याच दिवशी घरी जाऊन पावतीसाठी मी स्टूल घेऊन माळ्यावरून खोके काढले. पावती आत दिसली नाही (ती मागाहून वहीत सापडली), म्हणून तळाची पाकळी उघडली. आत पेन्सिलीने ९ मार्च आणि २,८७५/- लिहिलेले होते. वरची जागा रबराने पुसलेली. अक्षर माझे. साताचे पोट मी मोठे काढते, तसेच. मी स्टुलावरून उतरून वहीतले ९ मार्चचे पान काढले, आकडा तोच.

म्हणजे माझ्याच घरातून गेलेले खोके नवे सील लावून, आत बिननावाचा माल भरून, ३,४५०/- ला मलाच विकले.

२० तारखेला मी ते खोके आणि हिशेबाची वही घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "अक्षर काय, कोणाचंही असतं." मी वहीतले ९ मार्चचे पान उघडून शेजारी ठेवले. त्याने पान पाहिले आणि पंखा मोठा केला. म्हणाला, "खोकं तुम्हीच बदललं असेल." मग गिऱ्हाईक आत आले तसा आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, दुसरा सेट फुकट न्या. बाहेरचाच देतो." मी विचारले, "कुठल्या बाहेरचा? ह्या दुकानाच्या मागच्या दाराबाहेरचा?" आलेले गिऱ्हाईक काही न घेता गेले. मी सेट घेतला नाही. दुकानदाराने मला मावशी म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला. आत येताना मी ताई होते.

तिथून रद्दीवाल्याकडे गेले. त्याने कबूल केले की अख्खी खोकी तो त्याच दुकानात प्रत्येकी १००/- ने देतो, महिन्याला वीस-पंचवीस. "काकू, मी पुठ्ठा विकतो. आत काय भरतात ते मला काय ठाऊक?" मी म्हणाले, मलाही ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "मग झालं तर." तो ठाण्यात यायला तयार नाही. त्याला बोलावणे साहेबांच्या हातात आहे.

यजमान घरी खाटेवर आहेत. परवाना कार्यालयात २८ तारखेला त्यांची सुनावणी आहे. कागदावर हयगय हा शब्द राहिला तर परवाना जाईल. ते म्हणतात, "ब्रेक लागला नाही असं सगळेच चालक सांगतात, माझं कोण ऐकणार?" इथला सेट घालू म्हणाले होते, हे त्यांनी अजून एकदाही बोलून दाखवलेले नाही. एरवी त्यांना टोमणा मारायला भाजीच्या दोन काड्या पुरतात.

माझे मागणे असे. खोके, पावती, पॅडचे तुकडे आणि वहीतली दोन पाने जप्त करून मला पोच मिळावी. वही परत हवी, चालू महिना तीतच आहे. टायपिस्टांचा जबाब २८ तारखेच्या आत घ्यावा. पंचनाम्यातला "झिजलेले" हा शब्द आणि कागदावरचा "हयगयीने" हा शब्द काढावा. दुकानातली कपाटातली खोकी उघडून तळाच्या पाकळ्या बघाव्यात, अक्षरे इतरांचीही सापडतील.

आणि एक. मी खोकी दोन दिली होती. पुढच्या चाकांचे परत आले. मागच्या चाकांचे आले नाही. त्यावर ९ मार्च, २,२४०/- असे लिहिलेले आहे, वरचे नाव मीच पुसलेले आहे. ते कोणाच्या तरी माळ्यावर असेल आणि त्यातला माल कोणाच्या तरी गाडीत, उतारावर. त्या खोक्यांचे घेतले होते तेवढे ८०/- मी आज सोबत आणले. हवालदारसाहेब म्हणतात, असे पैसे ठाण्यात जमा करता येत नाहीत. मी ते टेबलावर ठेवले आहेत आणि परत घेणार नाही.

हा जबाब मीच लिहिला आणि मीच हवालदारसाहेबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी हरकत घेतली. पत्त्यात वखार कसली ते लिहा, ही मी मान्य केली, तीनशे दहाची केली नाही. बाकी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, कारण सांगणारी आणि लिहिणारी एकच आहे.

घरी फोन यजमानांच्या उशाशी असतो आणि त्यांना हे कानावर पडायला नको. म्हणून मागच्या चाकांचे ते खोके ज्यांच्याकडे गेले त्यांचा पत्ता लागताच, त्यांना आधी गाडी उभी करायला सांगून, मला उलट टपाली कळवावे. पाकिटावर माझा पत्ता लिहून, तिकीट लावून, सोबत जोडले आहे.