चमचाभर सोडा

लेक : आणि हा चमचा कुठला?

नाना : खळीचा. धुऊन घेतलाय स्वच्छ.

लेक : नाना, ह्या चमच्यानं तुम्ही पुठ्ठ्याला लावायची खळ काढता. ह्यात मूठभर पीठ मावतं.

नाना : मग काय झालं? चमचाभर सोडा आणि अर्धा पेला पाणी, तुझ्या आईचंच औषध आहे. तू औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहतेस म्हणून आता खायच्या सोड्यालाही चिठ्ठी लागणार का?

लेक : दिवसातून किती वेळा घेता?

नाना : छातीत जळजळलं की घेतो.

लेक : आणि जळजळतं किती वेळा?

नाना : ते कोण मोजत बसतंय. दुपारी जेवलो की एकदा. मग चहाच्या सुमाराला. संध्याकाळी एकदा. आणि अंथरुणावर पडलं की एकदा, फार तर दोनदा.

लेक : म्हणजे पाच.

नाना : तू पहिल्यापासून गणितात हुशार.

लेक : पाय दाखवा.

नाना : जळतंय छातीत आणि ही बघते पाय.

लेक : दाखवा म्हणते ना. हे बघा, मोज्याचा वळ उठलाय. अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडतोय आणि भरून येत नाहीये. कधीपासून आहे हे?

नाना : चपला जरा घट्ट व्हायला लागल्या होत्या. मला वाटलं, चपला आटल्या.

लेक : चपला आटत नसतात, नाना. हा सोडा म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. असा चमच्या-चमच्यानं पोटात गेला की अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो. तुम्ही सकाळी त्याच रक्तदाबाची गोळी घेता. गोळी खाली ओढतेय आणि चमचा वर चढवतोय. मध्ये तुमची रस्सीखेच.

नाना : पस्तीस वर्षं घेतोय मी सोडा. तेव्हा नाही पाय सुजले. आणि गुण यायचा गं. पेला खाली ठेवायचा अवकाश, एक ढेकर आला की सगळं मोकळं. हल्लीच येईनासा झालाय, म्हणून चमचे वाढवले. भेसळ असणार. आजकाल कशात नसते?

लेक : सोडा तोच आहे. आमच्याच दुकानातून नेता तुम्ही.

नाना : मग तूच सांग काय बदललं ते. तुझी आई गेली आणि सोड्याचा गुणही गेला, एवढं मला कळतं.

लेक : आई कशानं काढायची सोडा?

नाना : चमच्यानं. दुसरं कशानं काढणार?

लेक : पाहिलंत कधी?

नाना : मी इकडे पुस्तकं दाबायच्या प्रेसशी असायचो. ती मागून यायची, पेला हातात द्यायची, म्हणायची, ‘चमचाभर घातलाय हो.’ मी पिऊन पेला परत द्यायचो. नवऱ्यानं बायकोच्या मागे जाऊन चमचा बघायचा असतो का?

लेक : हाडाच्या पट्टीनं काढायची ती. कागदाला घडी घालायची तिची पट्टी होती ना, तिच्या टोकावर राहील तेवढाच. डाळीच्या दाण्याएवढा.

नाना : हॅ.

लेक : मी शेजारी बसून गृहपाठ करायचे, नाना. रोज बघायचे. मी एकदा विचारलंही की हा चमचा आहे का. तर म्हणाली, ‘त्यांना कमी दिलेलं चालत नाही, आणि जास्त दिलेलं त्यांना झेपणार नाही. तू तुझे पाढे म्हण.’

नाना : डाळीच्या दाण्याएवढ्यानं काय होणार होतं?

लेक : थोडं बरं वाटायचं. सोड्यानं आम्ल मरतं, ते खरं आहे. पण तेवढ्यापुरतं. दुखण्याच्या मुळाला तो काही करत नाही.

नाना : अगं, पण मला तर दिवस निभायचा त्याच्यावर. मी खोटं सांगतोय का?

लेक : खोटं नाही. पण पेला पिऊन झाला की तुम्ही काय करायचात, आठवतंय?

नाना : काय करणार? वाचायचो. खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. ती बसायची जुजं शिवायला. सोळा-सोळा पानांची एकेक गड्डी, दोऱ्यानं शिवत जायची. आणि मला म्हणायची, ‘अहो, सुईकामानं माझे डोळे दमतात. आपल्याकडे एवढी पुस्तकं येतात आणि आत काय आहे ते मला कधी कळतच नाही. वाचून दाखवा जरा.’ मग मी तिथंच ताठ बसून मोठ्यानं वाचायचो, दीड-दोन तास. काम तुंबायचं. पण म्हटलं, बिचारीचे डोळे.

लेक : काय काय वाचलंत?

नाना : जे बांधायला येईल ते. शाळेची हजेरीपत्रकं यायची, ती तेवढी सोडायचो. बाकी सगळं. विहिरींच्या पाहणीचा अहवाल वाचलाय मी तिला, चारशे पानांचा. कुठल्या विहिरीला किती हात पाणी. ‘पुढे,’ म्हणायची. गुरांच्या रोगांवरचं एक पुस्तक आलं होतं, ते तर तिला फार आवडलं. लाळ गळण्याचं प्रकरण दोनदा वाचायला लावलं. एकदा एका वकिलाच्या दाव्याचे कागद होते. शेवटी कोण जिंकलं ते कागदात नव्हतंच. आठवडाभर आम्ही त्याच्यावर भांडलो. तिचं म्हणणं, भाडेकरू जिंकला असणार.

लेक : चष्मा करून दिला होतात ना तिला?

नाना : दिला होता की, सोनेरी काड्यांचा. वापरला नाही कधी. म्हणायची, नाकाला रुततो.

लेक : नाना, आई सुईत दोरा कसा ओवायची?

नाना : पहिल्या फटक्यात. अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा. तो तिचा हातच होता तसा.

लेक : डोळे दमलेल्या बाईचा?

(नाना चमचा खळीच्या भांड्यात ठेवून देतात.)

नाना : पुढे बोल.

लेक : मी दुसरीत होते. तुम्ही एका दुपारी जेवून उठलात आणि प्रेसच्या दांड्यावर पोट टेकून जोर लावता लावता कळवळून खाली बसलात. तुम्ही डॉक्टरकडे जायला तयार नव्हता, म्हणून ती एकटीच गेली. मला बरोबर नेलं होतं. डॉक्टरांना विचारलं, ‘सगळे सोडा घ्यायला सांगतात. त्यानं बरं वाटतं का?’ ते म्हणाले, ‘चिमूटभर चालेल. खरं औषध म्हणजे जेवल्यावर ह्या माणसाला दोन तास वाकू देऊ नका आणि आडवं होऊ देऊ नका.’ ह्यावर आई म्हणाली, ‘बाइंडरचा धंदा सगळा वाकण्याचा, डॉक्टर. आणि माझं ऐकून हे दोन मिनिटं बसायचे नाहीत.’ दुसऱ्या दिवसापासून तिचे डोळे दुखायला लागले.

नाना : म्हणजे मला फसवलं.

लेक : हो.

नाना : पस्तीस वर्षं.

लेक : सुट्टी न घेता.

नाना : आणि मी आपला चौकात सांगत फिरायचो, ‘आमच्या हिला वाचनाचं भारी वेड, माझ्याशिवाय पान हलत नाही तिचं.’ विहिरींचा अहवाल. चारशे पानं. कंटाळली असेल गं ती.

लेक : तुम्ही एकदा काकांकडे आठ दिवस राहिला होतात, त्यांच्या आजारपणात. तेव्हा दुपारी ती त्याच खुर्चीत बसायची. पुस्तक मांडीवर आणि हात नुसते. मी म्हटलं, ‘आई, येतं ना तुला वाचता, वाच की मग.’ म्हणाली, ‘मनातल्या मनात वाचलेलं गोड लागत नाही.’ कंटाळलेली बाई असं बोलत नाही, नाना.

नाना : हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

लेक : तिनं शपथ घातली होती. आणि ती होती तोवर सांगायची गरजही नव्हती. आता जेवल्यावर काय करता तुम्ही?

नाना : काय करणार? उभ्या उभ्याच जेवतो. एकट्यासाठी कोण ताट मांडतंय. मग लगेच प्रेसवर ओणवा होतो. संध्याकाळी उशिरा कसेतरी दोन घास ढकलायचे आणि पाठ टेकायची. जागं राहून बघायचं कुणाकडे?

लेक : उद्या दहा वाजता डॉक्टरांकडे जायचं. पाय दाखवायचे, रक्तदाब मोजायचा, आणि ही रोजची जळजळ नीट तपासून घ्यायची. इतके महिने चाललंय, ते अंगावर काढायचं नाही. आणि हा डबा मी घेऊन जातेय.

नाना : डबा राहू दे.

लेक : नाना.

नाना : घेणार नाही म्हणतो ना. पण राहू दे तो. त्याचं झाकण उघडलं की मला वाटतं, आता मागून पेला येईल. मला काय कळत नाही का, पाचव्या चमच्यानं काही होत नाही ते? कळतं. पण चमचा ढवळताना तो आवाज होतो ना, तेवढा वेळ ती घरात असते. मला फार आठवण येते तिची, चिमे. दुपारी तर सहन होत नाही.

लेक : मलाही येते.

नाना : तुला दुकान आहे, पोरं आहेत.

लेक : तरी येते. डबा रिकामा करून ठेवते. चालेल?

नाना : चालेल. उद्या दहाला तयार राहतो. तू निघ आता, तुझी जेवणाची सुट्टी संपत आली असेल.

लेक : दुकानात सांगून आलेय, आज उशीर होईल म्हणून. तुम्ही आत्ताच जेवलात ना?

नाना : हो.

लेक : मग ती खुर्ची ओढा खिडकीशी. मी दुसरी घेते. सध्या काय आलंय बांधायला?

नाना : काही विशेष नाही गं. बांधकाम खात्याचं दरपत्रक आहे. विटा, खडी, रंग. त्यातलं तुला काय वाचून दाखवू?

लेक : कुठलंही पान काढा. आईनं कधी विचारलं होतं का?