साफ केलेला मासा आणि जिवंत मासा

मी भंडाऱ्याकडची, मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी. आमच्याकडं तलावच तलाव, अन् त्यात पाणी कमी दिसते, गवत अन् कमळाची पानंच जास्त, अन् त्या गवताखाली मरळ मासा बसतो दबा धरून. माहे बाबा गळाले बेडूक लावत अन् पानापानांवरून नाचवत नेत, मी डोंग्यात, त्या लाकडाच्या होडीत, मागं बसून पाहायची. मासा गवतात शिरला तर ओढू नको पोरी, दोरी ताठ ठेव अन् आपणच त्याच्याकडं जा, असं बाबा सांगत. शाळेतलं सारं विसरली मी, हे नाही विसरली.

मग धरणाच्या सर्व्हेले पुण्याचे एक इंजिनियर आले, तेच आमचे हे. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. दोन्ही घरांत काय आग लागली, काय सांगू तुमाले, पण ते राहू द्या, लग्न झालं, अमेरिकेत आलो, श्रूजबरीत घर घेतलं, मी फॅक्टरीत सोल्डरिंग करायले लागली. माही बोलीही अशीच झाली पाहा, अर्धी माहेरची, अर्धी ह्यांची.

घराजवळ एक तळं होतं, सारं गवतानं भरलेलं. लोक त्या गवताले शिव्या घालत, मले तर माहेर दिसलं. तिथं दर उन्हाळ्यात टुर्नामेंट व्हायची, बास नावाचा मासा धरायचा, आमच्या मरळीसारखाच हावरा, एका नावेत दोघं, अन् ज्याचा मासा सर्वात जड तो जिंकला. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असंल. मी अन् फॅक्टरीतली लिंडा, दोघींनी नावं लिहिली. सकाळी माईकवर एक माणूस भराभरा इंग्लिशमध्ये नियम सांगून राहिला होता, मले अर्धं कळलं नाही अन् लिंडानं ऐकलंच नाही, ती सँडविच खात होती.

मासा मोठा मिळाला हो, चांगला मोठा! आता आमच्यात कोणाकडं मासा न्यायचा तर साफ करून न्यायचा, नाही तर घरची बाई म्हणते, काय वळण हाय का नाही. तर मी काठावर बसून खवले काढले, पोट साफ केलं, स्वच्छ धुतला, पेपरात गुंडाळून वजनाच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो काटेवाला माणूस पाहातच राहिला, म्हणाला, मॅम, आम्ही जिवंत मासा मोजतो अन् परत सोडतो, हे तर डिनर झालं. सारा काठ हसला. हसत हसत गोष्ट महाराष्ट्र मंडळापर्यंत पोचली, गणपतीत बायका मले विचारत, सुमनवहिनी, मोदकाचंही पोट साफ केलंत का? मी हसून घ्यायची, पण आतून जळायची. हे म्हणाले, सुमन, पुरे आता, सोडून दे. मी म्हटलं, त्याच काट्यावर, त्याच माणसाच्या हातानं माहा मासा जिवंत मोजला जाईल, मग सोडीन.

पुढच्या वर्षी लिंडा यायले तयार नाही. मी ह्यांच्याकडं नुसतं पाहिलं. हे म्हणाले, वल्ही मारीन, पण माशाला हात लावणार नाही, आधीच सांगतो. मी म्हटलं, नका लावू.

दुपारपर्यंत काहीच नाही. बाकीच्या नावा मोकळ्या पाण्यात, आम्हीच तेवढे गवतात, वल्ह्याले गवत गुंडाळलं जाई अन् हे काढत बसत. मी रबरी बेडूक पानावरून नाचवला, थांबवला, पुन्हा नाचवला, अन् पाणी फुटलं बाप्पा! मासा सरळ गवताच्या बुडाशी. मी दोरी ताठ धरली अन् ओरडली, तिकडं चला, तिकडं. आम्ही त्याच्या डोक्यावर जाऊन थांबलो तरी तो निघेना, अन् मी काठी सोडली तर गेलाच. कोणी तरी हात घालायले हवा होता. मी तोंडातून शब्द काढला नाही, देवाची शपथ. ह्यांनीच घड्याळ काढलं, बाही वर सारली, डोळे मिटले अन् खांद्यापर्यंत हात घातला. हात वर आला तो गवताचा भारा घेऊन, अन् भाऱ्यात तो, थडथड उडणारा!

भाड्याची साधी नाव, मासा ठेवायले आमचा पिकनिकचा कूलर, खाणं थंड ठेवायची पेटी. मी वल्ही घेतली अन् हे प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन बसले, जुनं पाणी काढत अन् तळ्यातलं ताजं वरून धार धरून सोडत, महादेवावर सोडावं तसं, अन् पुटपुटत, मरू नको रे बाबा, एवढा वेळ मरू नको. हात भरून आले तरी थांबले नाहीत.

काट्यावर शेपटी आपटली त्यानं, जोरात. तोच माणूस होता. म्हणाला, मॅम, हा तर जिवंत हाय. अन् मग म्हणाला, सर्वात जडही हाच. मी तिथंच रडली, लोकांसमोर, लाज वाटली नाही. मासा ह्यांनीच पाण्यात सोडला.

आता जिंकलेला कप तिकडं टीव्हीशेजारी धूळ खातो. हे ऐंशीचे झाले, मासा अजून खात नाहीत, पण मंडळात कोणी नवीन भेटलं की सांगतात, आम्ही धरला होता. आधीच्या वर्षीचं सांगतात तेव्हा म्हणतात, हिनं कापला होता.

तुमचं लग्न व्हायचं हाय ना अजून? देव तुमच्याही नावेत असाच एक बसवो बाई, न खाणारा, पण वेळेले हात घालणारा.